नवी रेकॉर्ड आणि तिच्यातले दोष : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्या एलपी विकत घेणाऱ्यांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. जुन्या, वापरलेल्या रेकॉर्डींचं शास्त्र वेगळं आहे, त्यामुळे त्यांचा उल्लेख गरजेपुरताच येतो. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. "रेकॉर्ड म्हटली की खरखर आलीच" असं समजून अनेक जण दोन-चार हजारांची सदोष प्रत निमूटपणे कपाटात ठेवून देतात. चांगली प्रेस झालेली (म्हणजे साच्यात नीट दाबून बनवलेली), स्वच्छ रेकॉर्ड शांत वाजते. तशी ती वाजावी ही अपेक्षा ठेवण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

1. जुन्या बाजारात "सीलबंद, एकदाही न वाजवलेली" म्हणून मिळते ती रेकॉर्ड नवीच धरायची ना?

नाही. ती न वापरलेली असेल, पण माल जुनाच. एचएमव्हीच्या भारतीय एलपी कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात निघत. नव्वदच्या दशकात आपल्याकडचं एलपीचं उत्पादन बंद पडलं. म्हणजे अशी प्रत तीस वर्षांहून अधिक काळ कुठल्या तरी गोदामात पडून राहिलेली असते. प्लास्टिकच्या आवरणाने ती ओरखड्यांपासून वाचते. दमटपणा, बुरशी आणि उष्णतेने येणारा बाक यांच्यापुढे मात्र त्या आवरणाचा उपयोग नसतो. अशी प्रत घ्यायची असेल तर विक्रेत्याला समोर उघडायला लावा. या पानावरचं पुढचं सगळं अलीकडे प्रेस झालेल्या रेकॉर्डींबद्दल आहे.

2. आपल्याकडे मिळणाऱ्या नव्या रेकॉर्डी बनतात कुठे?

बहुतेक युरोपात. चेक प्रजासत्ताकातल्या लोदेनित्से गावचा जीझेड मीडिया हा जगातला सर्वांत मोठा रेकॉर्ड कारखाना. जर्मनीत ऑप्टिमल आणि पॅलास, नेदरलँड्समधल्या हार्लेमला रेकॉर्ड इंडस्ट्री ही आणखी काही नावं. हिंदी चित्रपटसंगीताच्या अलीकडच्या आवृत्त्याही मोठ्या प्रमाणावर बाहेरून प्रेस होऊन येत आल्या आहेत. 2024 पासून मुंबई परिसरात पुन्हा प्रेसिंग सुरू झालं, ही मोठ्या आनंदाची बातमी.

कारखान्याच्या नावावरून दर्जा ठरवायला जाऊ नका. एकाच कारखान्यातून एका आठवड्यात उत्तम आणि पुढच्या आठवड्यात सुमार माल बाहेर पडू शकतो. साचा किती झिजला होता, वाफेचं तापमान आणि थंड करण्याची वेळ किती ठेवली होती, यावर प्रत्येक खेपेचं नशीब ठरतं.

3. रेकॉर्ड बनते कशी? दोष शिरतो कुठून?

आधी लॅकरच्या, म्हणजे मऊ लेपाच्या तबकडीवर (किंवा डीएमएम या थेट धातूवर कोरण्याच्या पद्धतीत तांब्यावर) ग्रूव्ह, म्हणजे सुई जिच्यातून चालते ती बारीक खाच, कोरतात. लॅकरवर चांदीचा पातळ थर देऊन निकेलचा उलटा ठसा काढतात, त्यावरून सुलटा, आणि सुलट्यावरून पुन्हा उलटा. हा शेवटचा उलटा ठसा म्हणजे स्टँपर, म्हणजेच प्रेसमध्ये बसवायचा साचा. दोन बाजूंचे दोन स्टँपर, मध्ये गरम पीव्हीसी प्लास्टिकचा गोळा आणि वर-खाली लेबलं. मग वाफेची उष्णता, सुमारे शंभर टनांचा दाब आणि लगेच थंड पाणी. एक एलपी साधारण अर्ध्या मिनिटात तयार होते.

हे अर्धं मिनिटच निर्णायक आहे. मागणी वाढली की त्यातले काही सेकंद वाचवण्याचा मोह होतो. प्लास्टिक ग्रूव्हमध्ये पूर्ण उतरायच्या आत दाब काढला तर प्रश्न 10 मधला दोष येतो, नीट थंड व्हायच्या आत रेकॉर्ड उचलली तर प्रश्न 8 मधला. भोक नेमकं मध्यावर यायला स्टँपर अचूक बसवावा लागतो. तिथे चूक झाली तर प्रश्न 9.

4. 180 ग्रॅमची घेतली तर आवाज चांगला मिळतो का?

वजनाचा आवाजाशी थेट संबंध नाही. साधी एलपी 120 ते 140 ग्रॅमची असते आणि ग्रूव्हची खोली दोन्हींत सारखीच. जाड रेकॉर्ड हाताला भरीव लागते, प्रवासात थोडी कमी वाकते, एवढाच फायदा. उलट जाड तबकडी नीट थंड केली नाही तर तीही बशीसारखी होऊन येते. जादा पैसे द्यायचेच असतील तर मास्टरिंग, म्हणजे कोरण्याआधीची आवाजाची अंतिम जुळवणी, कोणी केलं आहे ते पाहून द्या.

5. रंगीत रेकॉर्डी आणि चित्र छापलेल्या रेकॉर्डी जास्त खरखरतात का?

चित्राच्या रेकॉर्डी, हो. त्यांत कागदी चित्रावर पारदर्शक पातळ थर असतो आणि ग्रूव्ह त्या थरावर उमटतात. पार्श्वभूमीची सळसळ जाणवतेच. तिला दोष म्हणून तक्रार करता येणार नाही. एकरंगी रेकॉर्ड चांगल्या कारखान्यातली असेल तर काळ्या रेकॉर्डपेक्षा वेगळी ऐकू येत नाही. दोन-तीन रंगांचे शिंतोडे असलेल्या रेकॉर्डीत मात्र वेगवेगळे गोळे एकत्र दाबलेले असतात, त्यांत गोंधळाला वाव जास्त. शांत आलाप ऐकण्यासाठी घेत असाल तर काळीच घ्या.

6. पार्सल घरी आलं. सगळ्यात आधी काय करू?

खोका उघडतानाचा व्हिडिओ काढा. पत्त्याचं लेबल, खोक्याचे कोपरे आणि सील तोडण्याचा क्षण एका सलग चित्रणात आला पाहिजे. पुढे वाद झालाच तर हाच पुरावा सगळ्यात जास्त चालतो.

बाहेरचं घट्ट प्लास्टिक पूर्ण काढून टाका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते आवळत जातं आणि चांगली रेकॉर्डही वाकवतं. रेकॉर्ड कडेने आणि लेबलला धरून बाहेर काढा, दिव्याखाली तिरकी धरून दोन्ही बाजू बघा. टर्नटेबलवर ठेवून सुई न लावता फिरवा आणि डोळे रेकॉर्डच्या पातळीत आणून कड वर-खाली होते का ते पाहा. मग स्वच्छ करा (प्रश्न 7) आणि दोन्ही बाजू पूर्ण ऐका. परत करण्याची मुदत बऱ्याचदा सात-दहा दिवसांचीच असते, त्यामुळे "रविवारी निवांत ऐकू" म्हणत पुढे ढकलू नका. हेडफोन असेल तर एकदा हेडफोनवर ऐका, एका बाजूचा दोष त्यात लगेच कळतो.

7. कोरी करकरीत रेकॉर्ड आहे, तरी चटचट वाजते. खराब निघाली का?

लगेच ठरवू नका. नव्या रेकॉर्डवर आतल्या कागदी पिशवीची धूळ असते, कडा कापतानाचे पीव्हीसीचे बारीक कण असतात आणि पिशवीतून ओढून काढताना स्थिर वीज तयार होते. हिवाळ्यात पुणे-नाशिकच्या किंवा विदर्भाच्या कोरड्या हवेत हा त्रास ठळक असतो. मुंबई-कोकणात पावसाळ्यात तो जवळजवळ नाहीसा होतो.

नवी असली तरी एकदा ओली सफाई करा. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात मिळतं. नुसतं पाणीच आहे, आम्ल मिसळलेलं नाही, याची खात्री करून घ्या. रेकॉर्डसाठीचं द्रावण किंवा नुसतं हे पाणी मऊ मखमली ब्रशने ग्रूव्हच्या दिशेने गोल फिरवा, लेबल भिजू देऊ नका. कपड्याने खसाखसा पुसू नका. उभी ठेवून पूर्ण वाळू द्या. दमट हवेत ओलसर रेकॉर्ड पिशवीत गेली तर काही महिन्यांत बुरशी दिसू लागते.

सफाईनंतर चटचट विखुरलेली आणि कमी झालेली असेल तर रेकॉर्ड ठीक आहे. ती प्रत्येक वेळी त्याच जागी, तेवढ्याच जोराने येत असेल तर पुढे वाचा.

8. रेकॉर्ड वाकलेली आली आहे. किती बाक चालेल?

हे मोजपट्टीपेक्षा सुईला विचारा. कड हळुवार वर-खाली होते, टोनआर्म (सुई धरणारा दांडा) सहज चढतो-उतरतो आणि आवाजात काही जाणवत नाही, अशी रेकॉर्ड मी ठेवून घेईन. बाजारातल्या बऱ्याच रेकॉर्डींत एवढा बाक असतो.

याउलट, कडेला एकाच ठिकाणी अचानक उंचवटा असेल, सुई तिथे उडत असेल, पहिल्या गाण्यात दर फेरीला धप् असा दबका आवाज येत असेल किंवा कार्ट्रिजचं (सुई बसवलेल्या छोट्या डबीचं) पोट रेकॉर्डला घासत असेल, तर परत करा. बशीसारखा बाक असेल तर एका बाजूने मधला भाग उचललेला आणि दुसऱ्या बाजूने कडा उचललेल्या दिसतात. स्पिंडलवर (टर्नटेबलच्या मधल्या खुंटीवर) बसणाऱ्या वजनाने तो थोडा आटोक्यात येतो, पण नव्या रेकॉर्डसाठी असं वजन विकत घ्यायला लावणं हे विक्रेत्याचं उत्तर असू शकत नाही.

मे महिन्यात पार्सल दिवसभर उन्हातल्या गाडीत राहिलं असेल तर बाक कारखान्यातला नसून प्रवासातला असतो. तुमच्या हक्कात त्याने फरक पडत नाही. माल तुमच्या हातात येईपर्यंतची जबाबदारी तुमची नाही.

9. तंबोरा, पियानो, बासरीचे लांब सूर हेलकावतात. वेग चुकतोय का?

टर्नटेबलचा वेग बिघडला तर सगळ्याच रेकॉर्डी हेलकावतात. एकच रेकॉर्ड आणि विशेषतः तिची एकच बाजू हेलकावत असेल, तर भोक ग्रूव्हच्या खऱ्या मध्यावर नाही.

तपासायची पद्धत अशी. टोनआर्मकडे समोरून बघा. सुई हळूहळू आत सरकते तेव्हा आर्म डावी-उजवीकडे डुलतो का? 33⅓ च्या वेगात (मिनिटाला 33⅓ फेऱ्या) एक फेरी 1.8 सेकंदांची, म्हणून हे डुलणंही त्याच लयीत असतं. कार्ट्रिजजवळ पट्टी धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत किती डुलतो ते मोजा आणि निम्मं करा, तेवढं भोक सरकलेलं. 0.2 मिलिमीटरपर्यंतचा फरक सहसा मान्य धरला जातो.

अर्धा मिलिमीटर सरकलं तर काय होतं ते बघा. बाजूच्या शेवटी ग्रूव्हची त्रिज्या सुमारे 60 मिलिमीटर असते. 0.5 भागिले 60, म्हणजे सूर वर 0.83 टक्के आणि खाली 0.83 टक्के. एकूण हेलकावा 1.67 टक्क्यांचा. आपली प्रमाणश्रुती, म्हणजे सुरांमधलं एक सूक्ष्म अंतर, 81/80, म्हणजे 1.25 टक्के. दर पावणेदोन सेकंदांनी षड्ज एका श्रुतीहून जास्त हलत असेल तर कान असलेल्या माणसाला ते कसं सहन व्हावं? रॉक संगीतात जे अनेकांच्या ध्यानातही येत नाही, ते आपल्या संगीतात असह्य होतं. "इतर ग्राहकांची तक्रार नाही" हे उत्तर इथे मान्य करू नका.

भोक कानशीने मोठं करून रेकॉर्ड हाताने मध्यावर आणणारे लोक आहेत. उपाय लागू पडतो, पण एकदा कानस लावली की परत करण्याचा मार्ग बंद.

10. एका स्पीकरमधून कापड फाटल्यासारखा आवाज येतो. साफ करूनही जात नाही.

हा बहुधा नॉन-फिलचा प्रकार. मऊ झालेलं पीव्हीसी ग्रूव्हच्या भिंतीपर्यंत पूर्ण पोचलं नाही आणि तिथे सूक्ष्म खळगे राहिले. ग्रूव्हच्या दोन भिंतींवर दोन चॅनेल असतात आणि खळगे सहसा एकाच भिंतीवर, म्हणून आवाज एकाच बाजूने येतो, बऱ्याचदा उजवीकडून.

डोळ्यांनी शोधायचं तर खोलीत अंधार करून मोबाइलचा दिवा रेकॉर्डच्या जवळजवळ समांतर धरा आणि रेकॉर्ड सावकाश फिरवा. काळ्या पृष्ठभागावर बारीक चमकणाऱ्या ठिपक्यांचा पट्टा दिसेल, वाळू सांडल्यासारखा. ओल्या फडक्याने तो हलत नाही. कोन बदलला की गायब होतो आणि पुन्हा दिसतो. ऐकलेल्या फाटक्या आवाजाची जागा आणि हा पट्टा जुळला की शंका उरत नाही.

याच्याशी मिळताजुळता दुसरा दोष आहे. रेकॉर्ड स्टँपरपासून सुटताना प्लास्टिक ओढलं जातं आणि चंद्रकोरीसारखे टाके घातल्यागत ठसे उमटतात. आवाज तसाच, फक्त खुणा वाकड्या ओळीत. दोन्हींवर घरगुती उपाय नाही. अल्ट्रासॉनिक यंत्राने धुतलं तरी नसलेली भिंत तयार होत नाही. विक्रेता "आधी चांगली साफ करून बघा" म्हणाला तर एकदा करा, व्हिडिओ काढा आणि परत करा.

11. दोष रेकॉर्डचा आहे की माझ्या मशीनचा, हे खात्रीने कसं सांगू?

तीन गोष्टी करा. दुसऱ्या दोन चांगल्या रेकॉर्डी त्याच मशीनवर लावा. मग ही रेकॉर्ड मित्राच्या किंवा दुकानातल्या मशीनवर लावा. आणि आवाजाची लय मोजा. दर 1.8 सेकंदांनी टक् असा आवाज येत असेल (45 च्या वेगात 1.33 सेकंद), तर तो रेकॉर्डच्या एका जागेचा आहे. सतत घुमणारी घूं मात्र अर्थिंगची किंवा मोटरची.

सूटकेससारख्या स्वस्त प्लेअरवर जोरदार भागात सुई उडते, तो अनेकदा रेकॉर्डचा दोष नसतो. त्या प्लेअरची सुई जड असते आणि आर्म हलका-सैल. चांगल्या कार्ट्रिजचा भार दीड-दोन ग्रॅम असतो, या प्लेअरमध्ये तो त्याच्या दुप्पट-तिप्पट जातो. अशा मशीनवर ऐकून केलेली तक्रार विक्रेते फेटाळतात आणि त्यात त्यांचं फार चुकत नाही.

12. रेकॉर्डवर पुळी किंवा खड्डा दिसतो. परत करू?

वाजवून ठरवा. साच्याखाली कचऱ्याचा कण अडकला की असे उंचवटे येतात. नख न लावता बोटाच्या टोकाने लेबलजवळच्या रिकाम्या जागेत जाणवले तर सोडून द्या. गाण्याच्या जागेत असून चार-पाच फेऱ्या धप्-धप् येत असेल तर दोषच. सुई उडत असेल तर ती रेकॉर्ड पुन्हा लावू नका, सुईला इजा होते.

13. सील तोडल्यावर रेकॉर्डवर ओरखडे दिसले. नव्या रेकॉर्डवर ओरखडे कसे?

कारखान्यात गरम रेकॉर्डी एकावर एक रचल्या जातात आणि कडक कागदी किंवा पुठ्ठ्याच्या पिशवीत भरल्या जातात, तेव्हा. केसासारख्या पुसट रेषा ऐकू येत नाहीत. नख अडकेल अशी रेष ऐकू येते. विक्रेता "हे तुमच्याकडून झालं" असं सहज म्हणू शकतो अशी ही जागा, म्हणून प्रश्न 6 मधला व्हिडिओ. ठेवून घेतली तर आतली पिशवी बदला, पॉलिथिनचं अस्तर असलेली घ्या.

14. बाजूच्या शेवटच्या गाण्यात "स", "श" फुटतात. प्रेसिंगचा दोष का?

बहुधा नाही. बाहेरच्या कडेला ग्रूव्ह सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर सरकतो, शेवटी जेमतेम 21. तोच आवाज निम्म्याहून कमी जागेत बसवावा लागतो. साधी गोल टोकाची सुई तिथे कमी पडते. कार्ट्रिजची मांडणी प्रोट्रॅक्टरने (कोन जुळवायच्या पट्टीने) तपासा, सुईचं आयुष्य संपलं आहे का पाहा, शक्य असेल तर लंबगोल किंवा त्याहून बारीक टोकाची सुई वापरा.

तरीही फुटत असेल तर कोरणी करतानाच घाई झाली असेल. एका बाजूला पंचवीस मिनिटांहून जास्त संगीत कोंबलेलं असेल तर हे होण्याची शक्यता वाढते. त्या आवृत्तीची प्रत्येक प्रत तशीच असते, म्हणून बदली मागून उपयोग नाही.

15. गाणं सुरू होण्याआधीच ते अगदी हळू ऐकू येतं. भास होतोय का?

भास नाही. कोरताना जोरदार ग्रूव्हचा दाब शेजारच्या शांत ग्रूव्हच्या भिंतीवर येतो, त्यामुळे बरोबर एक फेरी, म्हणजे 1.8 सेकंद आधी ती सावली ऐकू येते. मूळ टेपवरही असाच परिणाम होऊ शकतो. सगळ्या प्रतींत असतं, तक्रारीचा विषय नाही.

16. लेबलं उलटी आहेत, किंवा दोन्ही बाजूंना एकच संगीत आहे. ही दुर्मिळ म्हणून महाग विकली जाईल का?

लेबलांची अदलाबदल नेहमीची, तिला कोणी वेगळी किंमत देत नाही. दोन्ही बाजूंना एकच संगीत किंवा भलत्याच कलाकाराचं संगीत असेल तर तुम्ही विकत घेतलेला माल तुम्हाला मिळालेलाच नाही. परत करा. भविष्यात भाव येईल म्हणून अर्धा अल्बम जपून ठेवण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

17. रेकॉर्ड उत्तम आहे, पण कव्हरची कड आतून फाटली आहे.

प्रवासात खोका आपटला की जड रेकॉर्ड आतून कव्हरची शिवण फोडते. मागवतानाच "रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर ठेवून पाठवा" असं लिहा. चांगले विक्रेते सील तोडून तसं पाठवतात. फाटून आलंच तर पूर्ण परताव्यापेक्षा किमतीत थोडी सूट मागा, रेकॉर्ड चांगली असेल तर ती सोडू नका.

18. दुकानदार म्हणतो, "सील उघडलं, आता परत होणार नाही." खरं आहे का?

सील उघडल्याशिवाय प्रेसिंगचा दोष कळणार कसा? मन बदललं म्हणून परत करायला तो नकार देऊ शकतो. दोष असेल तर नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला बिलावरच्या मुदतीत नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिलावर मुदतच लिहिलेली नसेल तर तीस दिवस धरले जातात. ऑनलाइन विक्रेत्यांना 2020 चे ई-कॉमर्स नियम लागू होतात. त्यांतही सदोष किंवा जाहिरातीबरहुकूम नसलेला माल परत घेणं बंधनकारक आहे.

म्हणून बिल घ्याच. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग: तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. एका एलपीसाठी तिथवर जायची वेळ क्वचितच येते. कायद्याचा शांतपणे उल्लेख केला की बहुतेक ठिकाणी सूर बदलतो.

19. तक्रार लिहायची कशी? "आवाज खराब आहे" म्हटलं तर कोणी लक्ष देत नाही.

बाजू, गाणं, वेळ, दोष आणि केलेली तपासणी, एवढं लिहा. नमुना असा:

"नमस्कार. 4 तारखेला मिळालेल्या एलपीच्या बी बाजूच्या दुसऱ्या गाण्यात 1:10 ते 1:45 या दरम्यान उजव्या चॅनेलमध्ये सलग फाटका आवाज आहे. रेकॉर्ड ओली साफ केली, दोन वेगळ्या टर्नटेबलवर लावली, फरक नाही. दोन्हींचं रेकॉर्डिंग, तिरक्या उजेडातला फोटो आणि रन-आउटवरचा (लेबलभोवतीच्या रिकाम्या जागेतला) क्रमांक सोबत आहे. बदली प्रत किंवा परतावा द्यावा."

रेकॉर्डिंग स्पीकरसमोर मोबाइल धरून केलं तरी चालतं, फक्त त्याआधीच्या तीस सेकंदांचा चांगला भागही त्यात घ्या म्हणजे तुलना होते. हेलकाव्याच्या तक्रारीसाठी डुलणाऱ्या टोनआर्मचा व्हिडिओ पुरेसा असतो.

20. बदली प्रत आली, तिच्यातही तोच दोष, त्याच जागी. आता?

तर दोष साच्यातच आहे आणि अख्खी खेप तशी असणार. लेबलभोवतीच्या रिकाम्या जागेत कोरलेले क्रमांक दोन्ही प्रतींवर पडताळा. सारखे असतील तर तिसरी प्रत मागू नका, परतावा घ्या. डिस्कॉग्ज या रेकॉर्डींची सूची ठेवणाऱ्या संकेतस्थळावर त्या आवृत्तीच्या नोंदीखाली इतरांनीही हेच लिहिलं आहे का ते बघा आणि तुमचा अनुभव लिहून ठेवा. पुढे नव्या साच्यावरून आवृत्ती निघाली तर पुन्हा घेता येईल.

दोष वेगळ्या जागी असेल (एकीत बाक, दुसरीत पुळी), तर तो त्या-त्या प्रतीपुरता असतो. तिसरी मागायला हरकत नाही.

21. परदेशातून मागवली, किंवा भावाने येताना आणली. परत कशी करणार?

परत पाठवण्याचा खर्च रेकॉर्डच्या किमतीच्या वर जातो हे विक्रेत्यालाही ठाऊक असतं. फोटो आणि रेकॉर्डिंग व्यवस्थित दिलं तर अनेक विक्रेते माल परत न मागता पैसे देतात किंवा दुसरी प्रत पाठवतात. दुसऱ्या प्रतीवरही सीमाशुल्क लागू शकतं, म्हणून मी परतावा पसंत करतो. दाद मिळाली नाही आणि पैसे क्रेडिट कार्डाने दिले असतील तर बँकेकडे व्यवहाराबद्दल वाद नोंदवता येतो, मात्र लवकर.

नातेवाइकाने आणली असेल तर बिल त्यांच्या नावाचं, तक्रारही त्यांनीच करायची. आणताना रेकॉर्डी विमानात हातातल्या बॅगेत ठेवायला सांगा. भारतात विकल्या जाणाऱ्या आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापलेली असावी लागते. तो स्टिकर काढून फेकू नका, विक्रेत्याने हात वर केले तर तिथे लिहिता येतं.

22. घेऊन वर्ष झालं, आज सील फोडलं, तर वाकलेली. काही करता येईल?

विक्रेत्याकडून अपेक्षा ठेवता येत नाही, कारण बाक तुमच्या कपाटात आला असेल हे तो म्हणेल आणि ते नाकारता येणार नाही. नॉन-फिल किंवा सरकलेलं भोक हे मात्र कपाटात होत नाही. त्यासाठी कंपनीला लिहून पाहा. साच्याचा दोष त्यांना आधीच माहीत असेल तर काही वेळा मुदत संपल्यावरही प्रत बदलून मिळते.

23. वाकलेली रेकॉर्ड घरी सरळ होते का?

काचांमध्ये दाबून ओव्हनमध्ये किंवा उन्हात ठेवण्याचे प्रयोग करू नका, ग्रूव्ह कायमचे जातात. पुस्तकांच्या ओझ्याखाली आठवडे ठेवून फारसा फरक पडत नाही. मंद उष्णता आणि दाबाने तासन् तास चालणारी खास यंत्रं असतात, ती बऱ्याचदा बशीचा बाक काढतात, कडेचा अचानक उंचवटा मात्र सहसा राहतोच. परत करण्याची मुदत चालू असताना यातलं काहीही करू नका.

24. मर्यादित आवृत्ती होती, दुसरी प्रत शिल्लक नाही. पैसे परत घेऊ की ठेवू?

दोष कुठे आहे त्यावर ठरवा. एका गाण्यात दोन-तीन टक् असतील तर मी काही रक्कम परत मागून रेकॉर्ड ठेवून घेईन. सूर हेलकावत असेल किंवा अख्खी बाजू फाटकी वाजत असेल तर ती तुम्ही पुन्हा लावणार नाही. परत करा आणि थांबा. ज्या अल्बमला मागणी असते तो पुन्हा प्रेस होतो.

25. विक्रेत्याने पैसे दिले आणि "रेकॉर्ड तुमच्याकडेच राहू द्या" म्हणाला. ती पुढे विकू शकतो का?

विका, पण दोष बाजू आणि गाण्यासकट जाहिरातीत लिहा आणि कव्हरच्या आत चिठ्ठी ठेवा, म्हणजे पुढच्या हातात गेल्यावरही माहिती तिच्यासोबत जाईल. अनेकांना कव्हर किंवा फक्त चांगली बाजू हवी असते. सदोष प्रत न सांगता "नवीसारखी" म्हणून विकणारा, तुम्हाला ती विकणाऱ्यापेक्षा जास्त दोषी आहे, कारण त्याने ती ऐकलेली असते.